कोड्याचा साक्षीदार

साहित्यसमीक्षेला एक सोय फार पूर्वीपासून लाभलेली आहे. ती म्हणजे अवतरणाची. एखादी कविता श्रेष्ठ आहे असे म्हणणाऱ्या समीक्षकाला तिच्यातल्या चार ओळी वाचकापुढे ठेवता येतात आणि आपण बाजूला होता येते. चित्राच्या समीक्षकाला प्रतिकृती छापता येते. संगीताच्या समीक्षकाची थोडी अडचण होते, तरी रागाचे नाव, बंदिशीचा मुखडा, लयीची चाल यांच्या आधाराने तोही जाणत्या श्रोत्याला आपल्या बोलण्याची शहानिशा करू देतो. अवतरणाने मूळ कृतीला काही इजा होत नाही. किंबहुना चार ओळी वाचून एखादा वाचक मूळ कवितेकडे वळतो. कोड्याच्या परीक्षकाला ही सोय नाही. त्याने उकल सांगितली की ते कोडे त्या वाचकापुरते संपते, आणि ती न सांगता तो जे काही बोलतो त्याची पडताळणी वाचकाला करता येत नाही. आपले म्हणणे सिद्ध करायचे तर ज्याच्याविषयी म्हणायचे ती वस्तूच नष्ट करावी लागते, अशी ही विचित्र अवस्था आहे.

मोबाइल फोनवर खेळल्या जाणाऱ्या कोड्यांच्या आणि साहसाच्या खेळांचे परीक्षण हा विषय गंभीर निबंधाला शोभणारा नाही, असे काहींना वाटेल. खेळ क्षुल्लक असू शकतात, आणि पुष्कळसे आहेतही. परंतु त्यांच्याविषयी प्रामाणिकपणे बोलावे कसे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. तो सत्यकथन आणि मौन यांच्यातील मर्यादेचा प्रश्न आहे, आणि नीतिविचाराला तो अपरिचित नाही.

कोड्याकडे तुच्छतेने पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रहेलिकेला अलंकाराचे स्थान नाकारले. ती रसाला प्रतिकूल ठरते, तिच्यात केवळ उक्तीचे वैचित्र्य असते, असा त्याचा अभिप्राय. त्याच्या कित्येक शतके आधी होऊन गेलेला दंडी अधिक उदार होता. 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात त्याने प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आणि क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणत्यांशी करायचे गुप्त संभाषण आणि इतरांना चकविणे हे त्यांचे उपयोगही नोंदविले. आपल्यापूर्वीच्या आचार्यांनी चौदा सदोष प्रहेलिकाही सांगितल्या होत्या, असे तो म्हणतो. पण दोषांना अंत नसल्यामुळे आपण निर्दोष तेवढ्याच सांगू, असे ठरवून त्या चौदांना तो बाजूला ठेवतो. दंडीच्या या निर्णयाकडे पुन्हा यावे लागणार आहे.

कोड्याचे खरे द्रव्य कोणते, याचे उत्तर मात्र मला अलंकारशास्त्रापेक्षा एका आख्यायिकेत अधिक नेमके सापडते. महाभारत लिहून घेताना गणपतीने लेखणी थांबू न देण्याची अट घातली आणि व्यासांनी अर्थ समजल्याखेरीज न लिहिण्याची प्रतिअट घातली. मग व्यास मधूनमधून कूट श्लोक रचीत. परंपरा अशा श्लोकांची संख्या ८८०० सांगते. तो श्लोक उमगेपर्यंत गणपती क्षणभर थांबे आणि तेवढ्या अवधीत व्यास पुढचे कितीतरी श्लोक रचून ठेवीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेबाहेर, परिशिष्टात गेलेली आहे. परंतु तिच्यातील मर्म त्यामुळे उणावत नाही. कोडे म्हणजे मुद्दाम निर्माण केलेला थांबा. उत्तर हा त्या थांब्याचा शेवट असतो, त्याचे सार नव्हे. ज्याला उत्तर आधीच कळले त्याला थांबता येत नाही, आणि जो थांबला नाही त्याच्या हाती कोडे आलेच नाही.

खेळांच्या या प्रकाराचा उगमही लक्षात घेण्याजोगा आहे. विल क्राउथर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहांचा शोध घेणारा हौशी गिर्यारोहकही होता. केंटकी राज्यातील विस्तीर्ण गुहांचे नकाशे करण्याच्या कामात त्याचा सहभाग होता. १९७५-७६च्या सुमारास त्याने त्या गुहांच्या आधाराने केवळ शब्दांनी चालणारा एक खेळ आपल्या मुलींसाठी रचला. १९७७ मध्ये डॉन वूड्स याने त्यात भर घातली, आणि त्या 'ॲडव्हेंचर'वरूनच साऱ्या प्रकाराला साहसखेळ हे नाव पडले. गुहेत वाट अडते, मागे फिरावे लागते, दिवा विझण्याचे भय असते. हे सारे पुढे पडद्यावर आले, चित्रमय झाले आणि २००८ नंतर, फोनवरच खेळांची बाजारपेठ उघडल्यावर, तळहातावर आले. थांबा मात्र तोच राहिला.

मग या थांब्याचे परीक्षण कसे होते? त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फोनच्या काळापूर्वीचे आहे आणि ते निंदेचे आहे. १९९९ मध्ये निघालेल्या 'गॅब्रिएल नाइट ३' या संगणकीय साहसखेळात नायकाला भाड्याची मोटारसायकल हवी असते, आणि ती मिळविण्यासाठी मित्राचे सोंग घ्यायचे असते. त्यासाठी तो एका मांजराला चिकटपट्टी लावलेल्या भोकातून पळवतो, पट्टीला लागलेल्या केसांची मिशी करतो, ती गोड पाकाने ओठावर चिकटवतो. आणि ज्याचे सोंग घ्यायचे त्या मित्राला मिशीच नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवरील छायाचित्रावर मिशी काढतो. एरिक वोल्पॉ याने २००० साली ही सगळी उकल पायरीपायरीने सांगितली आणि साहसखेळांचा ऱ्हास कोणी बाहेरून घडवून आणलेला नसून त्यांनी आपल्याच हाताने ओढवून घेतला आहे, असे प्रतिपादन केले. त्यावर आणखी युक्तिवाद करण्याची गरजच उरली नाही. उकल सांगणे हाच युक्तिवाद होता. (हाच वोल्पॉ पुढे २००७ च्या 'पोर्टल' या अत्यंत सुघड कोडेखेळाच्या लेखकांपैकी एक झाला, टीकाकाराने स्वतः लिहून दाखवावे या नेहमीच्या आव्हानाला इतके चोख उत्तर क्वचितच मिळाले असेल.)

दंडीने सदोष कोडी सांगण्याचे टाळले. आपल्या काळातील परीक्षणाचा सर्वांत ठळक नमुना सदोष कोड्याचाच आहे, आणि हा योगायोग नव्हे. वाईट कोड्याची उकल उघड केल्याने कोणाचेही काही जात नाही. तेथे रचणाऱ्याची लहर होती, ती चव्हाट्यावर येते एवढेच. चांगल्या कोड्याची उकल उघड केली तर वाचकाला त्यातून जे मिळणार होते तेच हिरावले जाते. म्हणजे या क्षेत्रात निंदेला पुरावा देता येतो, स्तुतीला देता येत नाही. साहित्यात ही विषमता नाही. सुंदर ओळ आणि कुरूप ओळ दोन्ही सारख्याच निर्धास्तपणे छापता येतात. येथे मात्र आपले म्हणणे सिद्ध करण्याची हौस असलेला परीक्षक हळूहळू निंदेकडेच झुकण्याचा संभव असतो. निंदा करताना तो समर्थ दिसतो, स्तुती करताना भाबडा.

स्तुती करायची म्हटल्यास हाती काय उरते, हे एका उदाहरणाने पाहू. लंडनच्या 'असटू' या संस्थेचा 'मॉन्युमेंट व्हॅली' हा खेळ २०१४ च्या एप्रिलमध्ये आला. एम. सी. एशरच्या चित्रांतील अशक्य वास्तूंची आठवण व्हावी अशा इमारती, त्यांतून चालणारी इडा नावाची एक मूक राजकन्या आणि बोटाने फिरविता येणारे जिने व खांब, एवढाच त्याचा पसारा. त्याचा मूळ नियम सांगायला हरकत नाही : दोन कडा ज्या कोनातून एकमेकींना लागलेल्या दिसतात, त्या कोनातून त्या खरोखरच लागलेल्या असतात. दिसणे आणि असणे यांतील भेद या जगात मिटवलेला आहे. नियम सांगितल्याने कोडे मरत नाही, कारण नियम ठाऊक असूनही आपली नजर जुन्या सवयीने पाहत राहते आणि बोट अडते. दहा प्रकरणांचा हा खेळ दोन-तीन तासांत संपतो आणि फारसा अवघडही नाही. त्यावर तसा आक्षेप घेतला गेलाच. मला तो आक्षेप गैरलागू वाटतो. अडून राहण्याला लांबी असते तशी गुणवत्ताही असते. उकल सापडल्यावर 'हे आपल्या डोळ्यांसमोरच होते' असे ज्या थांब्यानंतर वाटते तो न्याय्य. 'हे आपल्याला कसे कळणार होते' असे ज्यानंतर वाटते तो अन्याय्य. पहिल्यात खेळणाऱ्याला स्वतःच्या पाहण्याविषयी काही कळते, दुसऱ्यात केवळ रचणाऱ्याच्या मनमानीविषयी. परीक्षकाने हा भेद करून सांगितला, तर उकलीला स्पर्श न करताही त्याने बरेच काही सांगितलेले असते.

परंतु वाचकाने यावर विश्वास का ठेवावा? पुरावा देता येत नसताना उरते ती साक्ष, आणि साक्षीचा विचार भारतीय दर्शनांइतक्या बारकाईने फार थोड्या परंपरांनी केलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले. आप्त कोणाला म्हणावे याचा खुलासा वात्स्यायनाने भाष्यात केला : ज्याने विषयाचा साक्षात् अनुभव घेतलेला आहे आणि जसा घेतला तसाच तो सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, अशी जोडही त्याने दिली. अधिकार जातीने, पदाने वा कीर्तीने येत नाही, अनुभव आणि प्रामाणिकपणा यांतून येतो, असा या जोडीचा अर्थ.

ही कसोटी लावली की परीक्षकाच्या पहिल्या कर्तव्याचे स्वरूप स्पष्ट होते. त्याने स्वतः अडलेले असले पाहिजे. हे वाटते तितके साधे नाही. परीक्षण ठरलेल्या दिवशी द्यायचे असते, खेळ दहा तासांचा असतो, आणि उकलींची तयार टिपणे हाताशी असतात. काही वेळा खुद्द निर्मातेच ती परीक्षकाला पुरवतात. अडल्या ठिकाणी टिपण पाहून पुढे गेलेला परीक्षक शेवटपर्यंत पोहोचतो, दृश्यांविषयी आणि संगीताविषयी अचूक लिहितो, आणि त्याचे एकही वाक्य खोटे नसते. तरीही कोड्याविषयी तो आप्त नाही. ज्या थांब्याविषयी तो बोलतो तो त्याने अनुभवलेलाच नाही. त्याने निदान 'येथे मी टिपण पाहिले' एवढे लिहावे. या कबुलीने परीक्षणाचे वजन घटत नाही. कोठपर्यंत साक्ष आहे आणि कोठून ऐकीव माहिती आहे हे वाचकाला समजते.

पुन्हा हा अनुभव एकदाच घेता येतो, ही आणखी एक अडचण. कविता दहांदा वाचून समीक्षक आपले मत तपासतो. उकललेले कोडे दुसऱ्यांदा उकलता येत नाही. साहसखेळांत उलट प्रकारही घडतो. केंब्रिजच्या 'इंकल' या संस्थेचा 'एटी डेज' हा २०१४ चा खेळ जूल व्हर्नच्या कादंबरीवरून स्फुरलेला आहे. त्यात आपण पासपार्तू होऊन मालकाला पृथ्वीभोवती फिरवून आणायचे असते. मेघना जयंत यांनी प्रामुख्याने लिहिलेली त्याची संहिता पाच लाख शब्दांहून मोठी आहे आणि एका प्रवासात तिचा अगदी थोडा अंश वाचायला मिळतो. असे पुस्तक वाचून त्यावर लिहिणारा प्रत्येक जण थोडेसेच वाचून लिहीत असतो. मग किती प्रवास केले आणि कोणत्या वाटांनी केले, हे सांगणे हाही साक्षीचाच भाग होतो.

फोनवरील दुकानात परीक्षकाहून कितीतरी मोठा आवाज असतो तो ताऱ्यांचा. एक ते पाच तारे देणाऱ्या हजारो अनाम माणसांची साक्ष एका आकड्यात आटवली जाते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली'ला आठ नव्या प्रकरणांची जोड मिळाली आणि तिच्यासाठी वेगळे दोन डॉलर मागितले गेले, तेव्हा कित्येकांनी संतापून मूळ खेळाला एकच तारा दिला. त्यांचा राग खोटा होता असे नाही. पण तो किमतीविषयी होता आणि नोंदला गेला कृतीच्या नावावर. प्रत्येक साक्षीदार आपापल्या परीने खरे बोलतो आणि त्या साऱ्यांची बेरीज खोटी निघते, असे येथे घडले. दुसऱ्या वर्षी निर्मात्यांनीच आपले आकडे जाहीर केले. खेळ घडवायला ५५ आठवडे आणि सुमारे साडेआठ लाख डॉलर लागले होते, आणि अँड्रॉइडवर उतरवून घेतलेल्या प्रतींपैकी केवळ पाच टक्के प्रतींचे पैसे मिळाले होते. या पार्श्वभूमीवर तो दोन डॉलरांचा वाद वाचला म्हणजे खेद होतो.

किमतीचा प्रश्न कोड्याच्या गाभ्यापर्यंतही जातो. पुष्कळ खेळ आज फुकट दिले जातात आणि अडलेल्या माणसाला सूचना विकतात. पैसे नसतील तर जाहिरात पाहायला लावतात. २०१२ मध्ये आलेल्या 'कँडी क्रश सागा'ने हरण्याच्या टोकावर आलेल्या माणसाला जादा चाली विकण्याचा प्रघात घरोघर पोहोचवला. अशा खेळात कोडे अवघड आहे ते आपल्या बुद्धीला आवाहन म्हणून की आपल्या खिशाला, हे सांगता येत नाही, आणि ते सांगता येऊ नये अशीच त्याची रचना असते. व्यासांनी गणपतीला थांबवले ते स्वतःला अवधी मिळावा म्हणून. परंतु थांबा लवकर संपवण्याचे मोल त्यांनी मागितले नव्हते. परीक्षकाने येथे मौन सोडले पाहिजे. कोणत्या टप्प्यावर पैसे मागितले जातात, न देता खेळ पुरा होतो काय, हे त्याने कोड्याच्या सौंदर्याआधी सांगावे. उकलीचे गुपित राखण्याचे त्याचे व्रत व्यापाराच्या गुपिताला लागू होत नाही.

येथवर मी गृहीत धरले की परीक्षणाचा वाचक म्हणजे उद्या तो खेळ खेळणारा माणूस. परंतु आणखी एक वाचक आहे, आणि ग्रंथालयांना त्याचाच विचार अधिक करावा लागतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आपल्या फोनची नवी प्रणाली आणली, तेव्हा जुन्या ३२-बिटी रचनेचे सारे खेळ तिच्यावर चालेनासे झाले. ज्यांच्या निर्मात्यांनी ते पुन्हा घडवले ते तगले. 'रोलँडो' हा २००८ चा खेळ २०१९ मध्ये नव्या रूपात परत आला. असंख्य तसे आले नाहीत. स्वीडनच्या 'सिमोगो' या छोट्या संस्थेने २०१७ च्याच अखेरीस सांगितले, की बदलत्या फोनांबरोबर जुने खेळ जिवंत ठेवण्याचा भार वाढत चालला आहे. हे वाचून मला हुरहुर वाटली, कारण त्यांचा २०१३ चा 'डिव्हाइस ६' हा वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा खेळ आहे : त्यात मजकूरच वास्तू होतो, वाक्ये बोळांसारखी वळतात, आणि ती वाचण्यासाठी हातातला फोन फिरवावा लागतो. अशी कृती छापील पानावर उतरत नाही. यंत्र बदलले की ती जाते, आणि मागे तिच्यावर लिहिलेले तेवढे राहते.

तेव्हा ज्या परीक्षकाने आजच्या खेळणाऱ्याच्या आनंदासाठी उकल सांगितली नाही, त्याने उद्याच्या अभ्यासकाला काय दिले? 'हे कोडे अप्रतिम आहे' असे वाक्य, आणि ते कोडे नाहीसे झालेले. विशाखदत्ताच्या 'देवीचंद्रगुप्त' नाटकाची संहिता आज उपलब्ध नाही. त्याचे काही अंश आपल्याला ठाऊक आहेत ते भोजाच्या 'शृंगारप्रकाशा'सारख्या आणि रामचंद्र-गुणचंद्रांच्या 'नाट्यदर्पणा'सारख्या ग्रंथांनी नियमांची उदाहरणे म्हणून त्यातील उतारे दिले म्हणून. त्या शास्त्रकारांनी प्रेक्षकाचा रसभंग होईल या भीतीने उतारे टाळले असते, तर रामगुप्ताची आणि ध्रुवदेवीची ती नाट्यकथा आपल्यापर्यंत त्या मार्गाने आली नसती. म्हणजे एका वाचकाशी सौजन्याने राखलेले मौन दुसऱ्या वाचकाच्या बाबतीत उपेक्षा ठरते, आणि परीक्षक एकाच लेखात दोघांपुढे उभा असतो.

यातून वाट काढता येते, असे मला वाटते, आणि ती या खेळांच्याच इतिहासात सापडते. फोनच्या फार आधी, १९८० च्या दशकात, अमेरिकेतील 'इन्फोकॉम' ही संस्था आपल्या शब्दखेळांसाठी सूचनांच्या पुस्तिका काढी. त्यांत अडचणींचे प्रश्न उघड छापलेले असत. उत्तरे अदृश्य शाईत असत आणि सोबतच्या लेखणीने घासल्यावर एकेक दिसू लागत. पहिले उत्तर नुसते दिशा दाखवी, पुढचे थोडे अधिक सांगे, शेवटचे सारे उघड करी. किती जाणून घ्यायचे हे घासणारा ठरवी, आणि प्रत्येक वेळी त्याला हात थांबवण्याची संधी असे. फोनवरील 'द रूम' या २०१२ च्या खेळात कोपऱ्यातले प्रश्नचिन्ह अशाच पायऱ्यांनी सूचना देते, तीही पैसे न घेता. परीक्षणालाही असा घाट देता येईल : पहिला भाग उद्याच्या खेळणाऱ्यासाठी, उकलीपासून दूर राहणारा, आणि शेवटी, स्पष्ट खूण करून वेगळा ठेवलेला भाग, ज्यात एखाद-दोन कोडी संपूर्ण उकलून दाखवलेली आहेत आणि ती चांगली का, हे सिद्ध केलेले आहे. स्तुतीला नाकारला गेलेला पुरावा तेथे तिला मिळतो. नियतकालिकांच्या संपादकांना ही लांबी परवडत नाही हे मी जाणतो. परंतु निदान ग्रंथरूपाने संग्रहित होणाऱ्या परीक्षणांना ती जोड द्यायला अडचण नसावी.

इन्फोकॉमच्या त्या पुस्तिकांत आणखी एक खबरदारी असे. नुसते प्रश्न वाचूनही खेळात पुढे काय येणार हे कळू शकते, म्हणून खऱ्या प्रश्नांत काही खोटे प्रश्न मिसळलेले असत : खेळात नसलेल्या वस्तूंविषयी, नसलेल्या अडचणींविषयी. उतावळेपणाने त्यांची उत्तरे घासणाऱ्याला शाईतून एवढेच उमटलेले दिसे, की असे काही या खेळात नाही.